रात्रीएवढे अंतर

रात्रीच्या प्रवासाचे मोजमाप दिवसाच्या प्रवासासारखे करता येत नाही. दिवसा पाच तास गाडीत बसले की पाच तास गेले. रात्री दहा तास प्रवास झाला आणि त्यातले सात झोपेत गेले, तर दिवसातून वजा झाले फक्त तीन. वर एका रात्रीच्या मुक्कामाचे भाडे वाचले. म्हणूनच ताशी सातआठशे किलोमीटर वेगाचे विमान आणि ताशी चाळीस किलोमीटरने जाणारी बोट यांची तुलना होऊ शकते, आणि कधी कधी बोट सरसही ठरते. युरोपात स्टॉकहोम–हेलसिंकी, लंडन–ॲमस्टरडॅम, अथेन्स–क्रीट या प्रवासांत ही तुलना रोज केली जाते. महाराष्ट्रात ती मुंबई–गोवा मार्गावर होत आली. समुद्रापासून पावणेदोनशे किलोमीटर आत, शिर्डीजवळ असलेल्या राहात्याला बोट नाही. पण एसटीची रातराणी, शिर्डीचे रेल्वे स्थानक, काकडी गावचे शिर्डी विमानतळ आणि समृद्धी महामार्ग अशी चार साधने पंचवीसेक किलोमीटरच्या आत आहेत. वाहने वेगळी असली तरी हिशेब एकच आहे.

हिशेबाची रीत

तिकिटावर छापलेला वेळ हा प्रवासाचा एक तुकडा असतो. घरापासून स्थानकापर्यंत, स्थानकावर थांबण्याचा वेळ, प्रत्यक्ष प्रवास आणि उतरल्यापासून मुक्कामापर्यंत असे चार तुकडे जोडले की खरा आकडा निघतो. विमानाच्या बाबतीत प्रत्यक्ष प्रवासाचा तुकडा सर्वांत लहान आणि उरलेले तीन मोठे असतात. २०१७ मध्ये शिर्डी–मुंबई विमान सुरू झाले तेव्हा हवेतला वेळ जेमतेम पाऊण तासाचा होता. त्यात काकडीपर्यंतचा रस्ता, तपासणीसाठी तास-दीड तास आधी पोचणे, सामान येण्याची वाट आणि सांताक्रूझपासून फोर्टापर्यंतची मुंबईतली वाहतूक मिळवली की पाऊण तासाचे चार तास सहज होतात.

दुसरी गोष्ट जागत्या तासांची. विमानाचे ते चार तास पूर्ण जागे आणि तुकड्यातुकड्यांचे असतात. त्यांत ना झोप होते ना सलग काम. रात्रीच्या बोटीचे किंवा गाडीचे दहा-बारा तास मोठे दिसतात, पण त्यांतले बरेचसे कुठल्याही माणसाने घरीही झोपूनच घालवले असते.

तिसरी गोष्ट पोचण्याच्या वेळेची. सकाळी सात ते नऊ ही उतरण्याची उत्तम वेळ: शहर जागे असते, चहा मिळतो, कामाला लगेच लागता येते. पहाटे साडेतीन ही सर्वांत वाईट वेळ. तेव्हा ना झोप पुरी झालेली असते ना कुठे दार उघडे असते, आणि वाचलेले मुक्कामाचे भाडे स्थानकाच्या बाकावर बसून फेडावे लागते.

चौथी गोष्ट पैशांची. तिकीट, दोन्ही टोकांचा रिक्षा-टॅक्सीचा खर्च, सामानाचे जादा पैसे आणि वाचलेला किंवा वाढलेला मुक्काम या सगळ्यांची बेरीज करूनच स्वस्त-महाग ठरते. पाचवी गोष्ट बिघाडाची: ठरलेले वाहन रद्द झाले तर पुढचे केव्हा? तासाला एक बस असलेल्या मार्गावर हा प्रश्न किरकोळ असतो. दिवसाला एकच बोट किंवा एकच विमान असले तर तोच मुख्य प्रश्न होतो.

बोट मुद्दाम सावकाश का जाते

स्टॉकहोमहून हेलसिंकीला जाणारी बोट संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास पोचते. सरळ अंतर सुमारे चारशे किलोमीटर आणि विमानाला तासभर लागतो. जहाजाला याहून लवकर पोचता येईल, पण पहाटे तीनला हेलसिंकीच्या धक्क्यावर उतरून कुणाचेच भले होत नाही. शिवाय पाण्यातल्या वेगाचे गणित कठोर आहे. ढोबळ नियम असा की जहाजाचा वेग दुप्पट करायचा तर इंजिनाची ताकद आठपट लागते. म्हणजे तेच अंतर निम्म्या वेळात तोडायला चौपट इंधन जळते. प्रवासी झोपलेला असताना सावकाश जाणे हे त्याच्या सोयीचे आणि बोटकंपनीच्या खिशाला परवडणारे असते.

अशा बोटीचे उत्पन्न फक्त तिकिटांवर उभे नसते. खालच्या मजल्यांवर मोटारी आणि मालाचे ट्रक रांगेने उभे असतात. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे ट्रकचालकाने रोज साधारणपणे सलग अकरा तास विश्रांती घ्यावी लागते, आणि बोटीवर झोपायला जागा असेल तर तिथला वेळ विश्रांतीत धरला जातो. माल पुढे सरकत राहतो आणि चालकाची सक्तीची विश्रांतीही होऊन जाते. वरच्या मजल्यांवर उपाहारगृहे आणि दुकाने असतात. १ जुलै १९९९ पासून युरोपीय संघातल्या देशांमधील प्रवासात करमुक्त विक्री बंद झाली. बाल्टिक समुद्रातली ओलांड बेटे मात्र करव्यवस्थेत संघाच्या बाहेर राहिली. त्यामुळे स्वीडन–फिनलंड बोटी रात्री तिथल्या बंदराला लागून पुढे जातात. अवेळीच्या त्या थांब्यामुळे जहाजावरचे दुकान करमुक्त राहते आणि तिकिटाचा दर खाली ठेवता येतो.

लंडन–ॲमस्टरडॅम प्रवासात तिन्ही साधने समोरासमोर येतात. विमान हवेत सव्वा तास असते. समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी थेट रेल्वे चारेक तास घेते आणि शहराच्या मध्यातून मध्यात नेते. तिसरा मार्ग संध्याकाळी लंडनहून रेल्वेने हार्विच बंदर गाठण्याचा. तिथून रात्री अकराच्या सुमारास सुटणारी बोट सकाळी आठच्या सुमारास नेदरलँड्समधील हूक ऑफ हॉलंडला लागते आणि धक्क्यालगतच रॉटरडॅमकडे जाणारी मेट्रो मिळते. रेल्वे आणि बोट यांचे एकत्र तिकीट निघते. या रात्रीच्या फेरीत केबिन घ्यावीच लागते, आणि केबिनचे भाडे खोलीला असते, माणशी नसते. म्हणून एकट्याला ही बोट महाग पडते, चौघांच्या कुटुंबाला स्वस्त. मोठे सामान, लहान मुले किंवा स्वतःची मोटार बरोबर असेल तर तराजू आणखी बोटीकडे झुकतो. विमानात प्रत्येक पेटीचे वजन होते, बोटीत सहसा कुणी विचारत नाही.

भारतीय प्रवाशाला यात व्हिसाची एक बाब पाहावी लागते. स्वीडन, फिनलंड आणि एस्टोनिया हे तिन्ही शेंगेन क्षेत्रात येत असल्याने एकाच व्हिसावर त्यांच्यातली बोट घेता येते. ब्रिटन शेंगेनबाहेर असल्याने हार्विचच्या बोटीला दोन्हीकडचे व्हिसा लागतात.

रात्रीची बोट टिकते ती दोन अटी पुऱ्या होतात तिथे: अंतर एका रात्रीत मावणारे हवे आणि जमिनीवरून जवळचा रस्ता नको. नेपल्स–पालेर्मो आणि अथेन्सच्या पिरेयस बंदरातून क्रीट हे मार्ग म्हणूनच चालू आहेत. स्टॉकहोमहून हेलसिंकीला रेल्वेने जायचे तर बोथनियाच्या आखाताला उत्तरेकडून मोठा वळसा पडतो. वर दोन्ही देशांच्या रुळांची रुंदीही वेगळी आहे, त्यामुळे सीमेवर गाडी बदलावी लागते. याउलट २००० साली उरेसुंड पूल झाला आणि कोपनहेगन–माल्मो बोटींची गरज संपली. लंडन–पॅरिस मार्गावर १९३६ पासून एक गाडी होती: तिचे शयनडबे डोव्हरला प्रवाशांसकट जहाजात चढवले जात आणि डंकर्कला उतरवून पुढे नेले जात. विमानांच्या स्पर्धेत ती १९८० मध्ये बंद पडली. १९९४ मध्ये खाडीखालचा बोगदा उघडला आणि तेच अंतर दिवसा तीन तासांवर आले. रात्रीत मावणारे अंतर रात्रीहून लहान झाले की रात्रीचे वाहन उठते.

कोकणची आगबोट

महाराष्ट्रात हेच चित्र कोकण किनाऱ्यावर दिसले. डोंगरघाटांमुळे कोकणात रस्ता कठीण होता आणि रेल्वे नव्हती. मुंबईच्या गिरणीत काम करणाऱ्या चाकरमान्याला गावी जायला आगबोट हाच राजमार्ग होता. भाऊच्या धक्क्यावरून निघणारी बोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत पणजीला पोचे. पणजीपर्यंतच्या प्रवासाला साधारण बावीस ते चोवीस तास लागत. बहुतेकांचे तिकीट डेकचे. त्यावर वळकटी पसरून, डबा सोडून रात्र काढायची. गोवा मुक्तीनंतरच्या काळात ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ ही जहाजे प्रसिद्ध होती. ती आधी चौगुले कंपनीने आणि पुढे सरकारी मोगल लाइनने चालवली.

या बोटीच्या अडचणीही तिच्या मार्गातच होत्या. अनेक बंदरांत जहाज किनाऱ्याला लागत नसे. ते खोल पाण्यात उभे राही आणि प्रवासी, बोचकी, आंब्याच्या पेट्या पडावातून ने-आण कराव्या लागत. प्रत्येक थांब्याला वेळ जाई आणि हे थांबे रात्रीही येत. पावसाळ्यात सेवा पूर्ण बंद असे. ‘बोट लागणे’ हा मराठी वाक्प्रचार याच प्रवासातला. ‘गाडी लागणे’ त्याच घडणीचे. पुढे मुंबई–गोवा रस्ता सुधारला. संध्याकाळी सुटलेली बस सकाळी गावात, अगदी घराच्या फाट्यावर सोडू लागली. बोटीला मात्र सबंध दिवस आणि रात्र लागत होती, आणि बंदरावरून घरी जायला पुन्हा वेगळे वाहन. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ही सेवा थांबली. १९९०च्या दशकात सातआठ तासांत गोव्याला नेणारी जलद कॅटमरान आली, पण तिने रात्रीचा फायदा सोडून वेगात विमानाशी झुंज घेतली आणि ती फार काळ टिकली नाही.

१९९८ मध्ये कोकण रेल्वेचा ७४१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण खुला झाला. मुंबईहून रात्री अकराच्या सुमारास निघणारी कोकणकन्या एक्स्प्रेस कोकणातल्या स्थानकांवर पहाटेपासून माणसे उतरवत दुपारपूर्वी मडगावला जाते. बोटीचे जुने काम तिने जवळजवळ निम्म्या वेळात आणि बाराही महिने सुरू ठेवले. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने गाड्यांचा वेग कमी करून वेगळे पावसाळी वेळापत्रक लावावे लागते, पण मार्ग चालू असतो. २० ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईहून ‘आंग्रिया’ ही रात्रीची क्रूझ गोव्यासाठी सुरू झाली. दुपारी चारच्या सुमारास निघून दुसऱ्या दिवशी सकाळी मुरगावला पोचणाऱ्या या जहाजावर केबिन, उपाहारगृह आणि पोहण्याचा तलाव होता. रेल्वे, विमान आणि बस तिन्ही हाताशी असताना लोक तिच्यावर चढले ते जहाजाच्या हौसेने. गोव्याला पोचणे हे दुय्यम होते. २०२० च्या साथीत ती बंद पडली.

रेल्वेतली रात्र

रात्रीची रेल्वे युरोपात अवघड धंदा आहे. बैठकीच्या डब्यात सत्तर-ऐंशी प्रवासी बसतात. त्याच लांबीच्या शयनडब्यात खासगी खोल्या केल्या की तीस-चाळीसच मावतात. दिवसाची गाडी दोन-तीन फेऱ्या करते, रात्रीची एकच. जर्मन रेल्वेने २०१६ मध्ये आपल्या शयनगाड्या सोडून दिल्या. ऑस्ट्रियन रेल्वेने त्यांतले काही मार्ग घेऊन ‘नाइटजेट’ नावाने चालवले आणि रात्रगाडीला पुन्हा दिवस आले असे बोलले जाऊ लागले. तरीही २०२१ मध्ये सुरू झालेली पॅरिस–व्हिएन्ना आणि २०२३ मधली पॅरिस–बर्लिन या नाइटजेट गाड्या फ्रेंच सरकारचे अनुदान थांबताच डिसेंबर २०२५ मध्ये बंद झाल्या.

भारतात गणित निराळे आहे. इथल्या नव्या धाटणीच्या एलएचबी शयनयान डब्यात ८० बर्थ असतात, तीन-स्तरीय वातानुकूलित डब्यात ७२, आणि दिवसाच्या चेअर कारमध्ये ७८ खुर्च्या. म्हणजे भारतीय रेल्वेत झोपलेला प्रवासी बसलेल्या प्रवाशाएवढीच जागा अडवतो. खासगीपणा सोडून तीन मजले केल्याने हे साधते, आणि म्हणूनच रात्रीची गाडी इथे सर्वांत स्वस्त साधनांपैकी आहे. युरोपात खोली विकली जाते, इथे फळी विकली जाते. किंमत प्रवाशाला वेगळ्या नाण्यात मोजावी लागते: आरक्षण साठ दिवस आधी उघडते, सणासुदीला प्रतीक्षा यादी लांबते आणि ऐनवेळी तात्काळचा आधार घ्यावा लागतो.

राहात्याहून मुंबई

राहाता नगर–मनमाड रस्त्यावर, शिर्डीच्या दक्षिणेस पाच-सहा किलोमीटरवर आहे. १८७८ मध्ये झालेला दौंड–मनमाड लोहमार्ग तालुक्यातल्या चितळी आणि पुणतांब्यावरून जातो, पण राहाता शहराला टाळून. त्यामुळे रेल्वे म्हटले की आधी बैलगाडीने, पुढे एसटीने किंवा काळ्या-पिवळ्या जीपने स्थानक गाठणे आलेच. रस्त्याचा वारसा मात्र घराजवळचा आहे: एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर अशी धावली. पुणतांब्याहून शिर्डीपर्यंत फाटा काढून साईनगर शिर्डी हे स्थानक २००९ मध्ये सुरू झाले आणि गाडीचा शेवटचा थांबा घराजवळ आला.

मुंबईचे अंतर रस्त्याने सुमारे २४० किलोमीटर. रेल्वेने पुणतांबा, मनमाड, नाशिक असा वळसा पडल्याने ते सुमारे ३४० होते. शंभर किलोमीटरचा हा वळसा रेल्वेच्या वेगातून कापला जातो. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेली वंदे भारत मुंबईहून सकाळी सहा वीसला निघून अकरा चाळीसला शिर्डीत येते; परतीला संध्याकाळी पाच पंचवीसला सुटून रात्री दहा पन्नासला पोचते. हे वेळापत्रक मुंबईच्या भाविकाला डोळ्यांसमोर ठेवून आखलेले आहे: सकाळी निघा, दर्शन घ्या, रात्री घरी. राहात्याच्या माणसाला तेच उलटे पडते. सकाळी मंत्रालयात किंवा रुग्णालयात काम असेल तर आदली संध्याकाळ गाडीत घालवून रात्री अकराला मुंबईत मुक्काम शोधावा लागतो.

रात्रीच्या गाडीचेही तसेच. दादरहून रात्री पावणेदहाच्या सुमारास सुटणारी शिर्डी एक्स्प्रेस सहा तासांत, पहाटे पावणेचारच्या आसपास शिर्डीला पोचते. पहाटेच्या काकड आरतीला जाणाऱ्याला यापेक्षा चांगली वेळ नाही. सुट्टीला घरी येणाऱ्या राहातेकराला मात्र अर्धवट झोपेतून उठून त्या वेळी रिक्षा शोधावी लागते. सहा तास हे अंतर दिवसासाठी लांब आणि रात्रीसाठी आखूड आहे.

रस्त्यानेही हे अंतर आणखी आखूड केले. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, शिर्डी–भरवीर हा ८० किलोमीटरचा टप्पा २६ मे २०२३ रोजी आणि इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. कसारा घाट टळला आणि ठाणे शहराच्या वेशीपर्यंतचा प्रवास तीनेक तासांत येऊन ठेपला. आता रात्री अकराला निघालेले वाहन मुंबईत अवेळी पहाटे पोचते. पहाटे चारला घरातून निघालेले सकाळी कामाच्या वेळी. मुंबईपुरते पाहिले तर राहात्याहून रात्र प्रवासात घालण्याचे कारण जवळजवळ उरलेले नाही. कोपनहेगन आणि माल्मो यांच्यामध्ये पुलाने जे केले, तेच इथे महामार्गाने केले.

राहात्याहून लांबची गावे

पाचशे ते हजार किलोमीटरच्या अंतराला रात्र नेमकी बसते. मनमाडहून रात्री निघणारी अजिंठा एक्स्प्रेस सकाळी हैदराबादला पोचवते. मधली झोप पुरी होते आणि सकाळचा पहिला चहा मुक्कामाच्या गावी मिळतो. याच शहराला काकडीहून विमान सव्वा-दीड तासात जाते. पण हैदराबादचे विमानतळ शमशाबादला, शहरापासून बरेच बाहेर आहे. घरापासून दारापर्यंत मोजले तर विमानाला दिवसाचे पाचसहा तास लागतात आणि रेल्वेला जागते चारपाच. वेळेत दोन्ही जवळजवळ सारखी असल्याने निर्णय पैशावर, सामानावर आणि आरक्षण मिळण्यावर येतो. दिल्ली, चेन्नई किंवा काकीनाड्याला रेल्वेत एका रात्रीहून अधिक वेळ जातो. तिथे दिवसही खर्ची पडतो आणि विमानाचे पारडे स्पष्टपणे जड होते. काकडीच्या विमानतळाला मुंबईपेक्षा लांबच्या शहरांचे प्रवासी मिळत गेले, ते याच कारणाने.

जोडप्रवासात रात्र कोणत्या टप्प्यावर पडते ते पाहणे महत्त्वाचे असते. राहात्याहून गोव्याला जायचे तर लांब टप्पा मुंबई–मडगावचा आहे. झोप तिथे यावी आणि गाडी बदलणे जागेपणी व्हावे. संध्याकाळची वंदे भारत आणि रात्रीची कोकणकन्या कागदावर सुंदर जुळतात, पण दोहोंच्या मधला वेळ इतका थोडा असतो की पहिलीला जरा उशीर झाला की दुसरी हुकते. दोन्ही तिकिटांचे पीएनआर जोडलेले असतील तर अशा वेळी हुकलेल्या गाडीचे पैसे परत मागता येतात. सुटे तिकीट असेल तर तेही जातात. विमान आणि रेल्वे, किंवा बस आणि बोट, अशा जोडीत ही सोय सहसा नसते. हार्विचच्या एकत्र तिकिटाचे मोल यावरून कळते.

तिकिटाच्या दरात सवलतींचा भाग मोठा असतो. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास. रेल्वेतली ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबली. खासगी बसचे भाडे मागणीप्रमाणे बदलते, पण राज्याच्या २०१८ च्या निर्णयाने त्याला एसटीच्या दराच्या दीडपटीची मर्यादा आहे. विमानभाड्याला अशी रोजची मर्यादा नसल्याने तेच आसन महिनाभर आधी आणि आदल्या दिवशी अगदी वेगळ्या दराने मिळते. एका घरातल्या आजोबांना, आईला आणि मुलाला स्वस्त पडणारे वाहन निरनिराळे असू शकते.

झोप, धोका आणि हवामान

झोपेचा दर्जा वाहनावर ठरतो. बोटीची केबिन स्थिर समुद्रात घरासारखी असते. खवळलेल्या समुद्रात सगळा हिशेब उलटतो. जहाजाच्या मध्याजवळची आणि खालच्या मजल्यावरची केबिन कमी हलते. रेल्वेत खालचा किंवा मधला बर्थ, डब्याच्या दारापासून दूर, ही जाणत्यांची पसंती. बसमध्ये मागच्या चाकांवरची जागा सर्वांत जास्त उसळते.

धोका प्रत्येक वाहनाचा निराळा असतो. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली; भर पावसाळ्यात बोट सोडणे किती जोखमीचे, हे त्या घटनेने किनाऱ्याला कायमचे शिकवले. मोटारी नेणाऱ्या बोटींचा दोष वेगळा: वाहनांचा मजला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळा असतो. त्यावर पाणी शिरले की ते एका बाजूला धावते आणि जहाज काही मिनिटांत कलंडते. १९८७ मध्ये बेल्जियमच्या झीब्रुगे बंदराबाहेर एक बोट कलंडून १९३ आणि २८ सप्टेंबर १९९४ च्या रात्री बाल्टिकमध्ये ‘एस्टोनिया’ बुडून ८५२ माणसे अशाच प्रकारे दगावली. त्यानंतर उत्तर युरोपात जहाजांच्या रचनेचे नियम कडक झाले. रस्त्यावरचा धोका चालकाच्या डुलकीत असतो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर एक खासगी शयनबस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. बोटीत आणि रेल्वेत चालवणारे पाळीने बदलतात. रात्रीच्या बसमध्ये दुसरा चालक आहे की नाही, हे तिकिटाच्या दराइतकेच विचारण्याजोगे असते.

हवामान सर्वांना अडवते, पण सारखे नाही. काकडीला सुरुवातीची काही वर्षे रात्री विमान उतरत नसे. नोव्हेंबर २०१९ मध्ये दृश्यमानता कमी झाल्याने तिथली उड्डाणे बरेच दिवस बंद राहिली. धुक्यात रेल्वे उशिरा का होईना पोचते. विमान दुसऱ्याच शहरात उतरते किंवा निघतच नाही.

इंधनाचा वाटा

दर माणशी धुराच्या हिशेबात रेल्वे सर्वांत हलकी, विशेषतः विजेवर चालणारी. थोड्या अंतराचे विमान सर्वांत जड, कारण उड्डाण आणि चढण यांतच बरेच इंधन जाते. बोटीचे उत्तर प्रवासी तिच्यावर कसा चढला यावर ठरते. ब्रिटिश सरकारच्या आकडेमोडीत पायी चढलेल्या फेरीप्रवाशाच्या नावे दर किलोमीटरला सुमारे १९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो, मोटारीसह चढलेल्याच्या नावे सुमारे १३० ग्रॅम. ही विभागणी वजनावर केली जाते. केबिन आणि उपाहारगृहाने अडवलेल्या जागेवर केली तर पायी प्रवाशाचा वाटाही वाढतो. बोट म्हणजे आपोआप स्वच्छ प्रवास, ही समजूत म्हणून पुरती खरी नाही. २०२४ पासून युरोपीय संघाने मोठ्या जहाजांनाही कार्बनच्या परवान्यांची किंमत लावली आहे आणि तिचा भार हळूहळू तिकिटावर येतो.

निवड

सगळ्याचा मेळ अंतराशी बसतो. चार-पाच तासांत होणारा प्रवास दिवसाचा: मुंबई, पुणे, नाशिक किंवा लंडन–पॅरिस. आठ ते बारा तासांचा प्रवास रात्रीचा, आणि तिथे रेल्वे असेल तर रेल्वे, पाणी आडवे असेल तर बोट. रेल्वेला एका रात्रीहून जास्त लागत असेल आणि दिवस मोलाचा असेल तर विमान. मधले सहा-सात तास हे अडचणीचे. तिथे पोचण्याची वेळ पाहून ठरवावे लागते. बरोबर मोटार, म्हातारी माणसे, बाळ किंवा पेट्या असतील तर एक पायरी बोट-रेल्वेकडे सरकावे; एकटा माणूस आणि एकच पिशवी असेल तर विमानाकडे. ही अंतरे कायमची नसतात. नवा पूल, नवा बोगदा किंवा नवा महामार्ग झाला की कालचे रात्रीचे गाव दिवसाचे होते, आणि वेळापत्रक नव्याने मांडावे लागते.